मुंबईत बारा महिने घालता येईल अशी दाणेदार क्रोशे बकेट हॅट

क्रोशाच्या बकेट हॅटचे बहुतेक नमुने थंड देशांत लिहिलेले असतात. जाड लोकर, उठावाचे खांब (खालच्या टाक्याच्या दांड्याभोवती विणलेले), दुहेरी काठ. ते टाके जसेच्या तसे उचलून विणलेली टोपी मार्चनंतर मुंबईत डोक्यावर ठेववत नाही. इथे डोक्याला ऊन लागू नये, घाम टिपला जावा, लोकलच्या गर्दीत टोपी घडी करून पर्समध्ये जावी आणि बाहेर काढल्यावर पुन्हा आकारात यावी, एवढं तिने करायला हवं. त्यामुळे पोत निवडताना दिसण्याइतकाच हवेचा विचार करावा लागतो.

उठावाच्या खांबांचे पट्टे किंवा फुगीर गोळे सुंदर दिसतात, पण तिथे कापड दुपटीने जाड होतं, दोराही जास्त खातं आणि घाम धरून बसतं. उलट जाळीदार नमुन्यातून हवा खेळते, पण ऊनही थेट टाळूवर येतं. मधला मार्ग म्हणजे एक मुका खांब आणि एक खांब असं आलटून पालटून विणणं. बुटका टाका आणि उंच टाका शेजारी आले की उंच टाका बाहेर फुगतो आणि संत्र्याच्या सालीसारखा बारीक दाणा उमटतो. कापड एकपदरी राहतं, मोठी भोकं पडत नाहीत आणि दाण्यांच्या खालच्या खाचांमुळे ते कपाळाला सपाट चिकटत नाही.

या लेखातला मुका खांब म्हणजे अमेरिकन नमुन्यांतला सिंगल क्रोशे आणि खांब म्हणजे त्यांचा डबल क्रोशे. ब्रिटिश नमुन्यांत डबल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब, तेव्हा इतर नमुने सोबत वाचत असाल तर आधी तो कुठला आहे ते तपासा.

दोरा आणि बाकी सामान

सुती दोरा घ्या, 8 प्लाय म्हणजेच डीके जाडीचा. या जाडीच्या 50 ग्रॅमच्या लडीत साधारण 105 मीटर दोरा असतो. मधल्या मापाच्या टोपीला 110 ग्रॅमच्या आसपास लागतो; तरी तीन लड्या एकदमच घ्या आणि लेबलवरचा रंगाचा लॉट नंबर एकच आहे ना ते दुकानातच बघा. नंतर आणलेल्या लडीची छटा ट्यूबलाइटखाली जुळते आणि उन्हात वेगळी दिसते. टोपी तर उन्हातच जाणार.

शुद्ध ॲक्रिलिक स्वस्त आणि रंगांना भरपूर, पण घाम शोषत नाही. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात डोकं उकडून निघतं. शुद्ध सुताची अडचण वेगळी. भिजलं की जड होतं, ताणतं आणि पावसाळ्याच्या दमट हवेत दोन दोन दिवस वाळत नाही. जून ते सप्टेंबरमध्येही रोज वापरायची असेल तर सुती-ॲक्रिलिक मिश्र दोरा सोयीचा. क्रोशाची टोपी पाऊस अडवत नाही हे मात्र गृहीत धरा. ती दोन सरींच्या मधल्या उघडिपीसाठी. डिसेंबर-जानेवारीच्या मुंबईच्या थंडीला हीच सुती टोपी पुरते.

गडद लाल, निळा किंवा काळा दोरा असेल तर वीतभर तुकडा ओला करून पांढऱ्या रुमालात दाबून ठेवा. रंग उतरला तर तो दोरा टोपीला नको. घामासोबत तो कपाळावर आणि कॉलरवर येईल. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो यावर विसंबू नका.

बाकी सामान असं: 4 मिमी आणि 3.5 मिमी क्रोशाच्या सुया, बोथट टोकाची मोठ्या नेढ्याची सुई, मोजपट्टी, खुणेसाठी सेफ्टी पिन किंवा वेगळ्या रंगाचा दोऱ्याचा तुकडा. आतल्या पट्टीसाठी 2.5 सेमी रुंदीची, न ताणणारी सुती रिबीन 60 सेमी आणि काठासाठी 0.8 ते 1 मिमी जाडीचा नायलॉनचा तंगूस 85 सेमी; मोठ्या मापाला दोन्ही थोडं जास्त. रिबीन, बटणं, लेस यांसाठी भुलेश्वरच्या गल्ल्या आहेतच. तंगूस मासेमारीचं सामान विकणाऱ्यांकडे मीटरवर मिळतो.

माप

मोजपट्टी कपाळाच्या मध्यावरून, कानांच्या जरा वरून मागे फिरवा. केस रोज जसे बांधता तसे बांधून मोजा. खाली बांधलेला अंबाडा आणि मोकळे केस यांत मापाचा फरक पडतो. हा नमुना 10 सेमीत 16 मुके खांब आणि 18 फेऱ्या या घट्टपणावर बेतलेला आहे.

53-54 सेमी डोकं: माथ्याच्या 14 फेऱ्या, 84 टाके
55-57 सेमी डोकं: माथ्याच्या 15 फेऱ्या, 90 टाके
58-60 सेमी डोकं: माथ्याच्या 16 फेऱ्या, 96 टाके

मापात दोन गटांच्या मधे अडकलात तर लहान गट घ्या. सुती टोपी वापरून सैल होते, घट्ट होत नाही.

खाली सगळे आकडे मधल्या मापाचे दिले आहेत. जिथे बदल आहे तिथे सांगितलं आहे.

माथा

4 मिमी सुई. मॅजिक रिंगमध्ये (दोऱ्याच्या ओढून बंद होणाऱ्या फाशात) 6 मुके खांब घालून रिंग ओढून घट्ट करा. फेरी स्लिप स्टिचने (दोरा नुसता ओढून घेतलेल्या, उंची नसलेल्या टाक्याने) जोडायची नाही; सरळ पुढे पुढे, चकलीसारखं विणत जायचं. त्यामुळे प्रत्येक फेरीच्या पहिल्या टाक्यात पिन अडकवणं आवश्यक. वाढ म्हणजे एकाच टाक्यात दोन मुके खांब.

फेरी 2: प्रत्येक टाक्यात वाढ. 12 टाके.
फेरी 3: 1 मुका खांब, 1 वाढ; असं 6 वेळा. 18 टाके.
फेरी 4: 2 मुके खांब, 1 वाढ, 6 वेळा. 24 टाके.

पुढेही हाच हिशेब. प्रत्येक फेरीत वाढीआधीचे साधे टाके एकाने वाढतात आणि एकूण 6 टाके वाढतात. पंधराव्या फेरीत 13 मुके खांब आणि 1 वाढ असं 6 वेळा करून 90 टाके होतात.

असंच डोळे मिटून विणलं तर मात्र वाढी एकावर एक येऊन गोलाऐवजी षटकोन तयार होतो. त्यासाठी सहाव्या फेरीपासून प्रत्येक सम फेरीत सुरुवातीचे साधे टाके अर्धे करून विभागा. उदाहरणार्थ, आठव्या फेरीत 6 साधे आणि 1 वाढ असं येतं. तिथे सुरुवातीला 3 साधे आणि 1 वाढ घ्या, मग 6 साधे आणि 1 वाढ असं पाच वेळा, शेवटी उरलेले 3 साधे. संख्या 48 च राहते, कोपरे मोडतात.

वेगळा नमुना तुकडा विणायची गरज नाही. सपाट, उलटसुलट विणलेल्या तुकड्याचा घट्टपणा गोल विणकामापेक्षा निराळा येतो, त्यामुळे तो इथे फसवतोच. आठ फेऱ्या झाल्या की चकती टेबलावर ठेवून व्यास मोजा. 9 सेमीच्या आसपास हवा. साडेआठपेक्षा कमी असेल तर उसवून 4.5 मिमी सुई घ्या, साडेनऊपेक्षा जास्त असेल तर 3.5. काठाची सुईही त्याच हिशेबाने अर्धा मिमी बारीक धरा. पंधराव्या फेरीअखेर व्यास साडेसोळा ते सतरा सेमी भरतो.

चकती वाटीसारखी वर वळत असेल तर दोरा फार ओढून विणताय किंवा एखादी वाढ सुटली आहे. कड लाटांसारखी उठत असेल तर वाढी जास्त झाल्या आहेत. दोन्हीत पहिला उपाय टाके मोजणं; सुई बदलायची ती त्यानंतर. थोडासा वाक असेल तर तो भिजवून वाळवताना बसतो.

वळण आणि एक जादा टाका

टाक्याच्या माथ्यावर दोन धाग्यांची वेणी दिसते. सोळाव्या फेरीत त्यातल्या फक्त मागच्या धाग्यातून सुई घालून प्रत्येकी एक मुका खांब विणा. पुढचा धागा बाहेरून रेघेसारखा उठून दिसतो आणि कापड तिथूनच खाली वळतं. याच फेरीत, कुठेही, एक वाढ घ्या. टाके 91. लहान मापात 85, मोठ्या मापात 97. (मापाप्रमाणे ही तुमची पंधरावी किंवा सतरावी फेरी असेल.)

हा एक टाका विसरू नका, सगळा दाणेदार पोत त्याच्यावर उभा आहे. संख्या विषम असली की फेरी संपून नवी सुरू होताना क्रम आपोआप पालटतो. मुक्या खांबाच्या डोक्यावर खांब येतो आणि खांबाच्या डोक्यावर मुका खांब. कुठे फेरी बदलली हे लक्षात ठेवावं लागत नाही, जोड दिसत नाही. सम संख्येवर मुका खांब मुक्या खांबावर बसत जाईल आणि दाण्यांऐवजी उभ्या पट्ट्या पडतील.

उभी बाजू

आता पुन्हा वेणीचे दोन्ही धागे धरा. एक मुका खांब, एक खांब, एक मुका खांब, एक खांब. इतकंच, अखंड. 12 फेऱ्या, म्हणजे वळणापासून साधारण 9 सेमी. फेऱ्यांपेक्षा सेंटीमीटरवर विश्वास ठेवा, कारण खांबाची उंची प्रत्येकाच्या हाताप्रमाणे बदलते. डोक्यावर घालून आरशात बघा. कापडाची कड भुवयांच्या दोन बोटं वर यायला हवी.

इथे मोजत बसण्यापेक्षा डोळा ठेवणं सोपं. खांब घालण्याआधी खालचा टाका बुटका आहे ना एवढंच बघायचं. खांबावर खांब येतोय असं दिसलं तर मागे कुठेतरी एक टाका सुटला आहे किंवा एकात दोन पडले आहेत, आणि चूक बहुधा शेवटच्या फेरीतच असते. तिथपर्यंत उसवा. 'पुढे एक टाका गाळून जुळवून घेऊ' असं केलं की त्या जागी दोन सारखे टाके शेजारी येतात आणि दाण्यांच्या रांगेत ती खोच कायम दिसते.

खांब विणताना हात सैल सोडायचा मोह होतो. पहिला धागा उचलताना सुई फार वर खेचू नका. खांब लांबुळका झाला की दाणा न फुगता आडवा पडतो आणि मधे भोक दिसतं. चार फेऱ्या झाल्यावर कापड खिडकीसमोर धरा. उजेडाचे बारीक ठिपके दिसले तर ठीक, पण आरपार खिडकीचे गज दिसत असतील तर 3.5 मिमी सुईवर या. तेव्हा घेर लहान होईल, म्हणून पुढचं माप मोठं धरून माथ्यापासूनच सुरू करावं लागेल. तेव्हा ही तपासणी लवकर करा.

खूण हळूहळू उजवीकडे तिरकी सरकते (डावखुऱ्यांना डावीकडे). तो गोल विणण्याचा स्वभाव आहे, चूक नाही.

दाणेदार भाग संपला की सगळीकडे साध्या मुक्या खांबांच्या दोन फेऱ्या विणा. उंचसखल कड त्यात समतल होते आणि आतली रिबीन शिवायला सपाट जागा मिळते. त्यातल्या पहिल्या फेरीत एका जागी दोन टाके मिळून एक करा, म्हणजे पुन्हा 90 होतील. घट करताना दोन्ही टाक्यांचे फक्त पुढचे धागे सुईवर घेतले तर ती जागा ओळखूही येत नाही.

काठ

इथून 3.5 मिमी सुई. काठावर दाणेदार टाका घेऊ नका. उंच खांबांनी काठ लुळा पडतो आणि डोळ्यांसमोर लोंबतो. साधा, घट्ट मुका खांबच बरा.

फेरी 1: फक्त पुढच्या धाग्यातून. 8 मुके खांब, 1 वाढ, 10 वेळा. 100 टाके.
फेरी 2 आणि 3: साध्या, दोन्ही धाग्यांतून.
फेरी 4: 4 मुके खांब, 1 वाढ, मग 9 मुके खांब, 1 वाढ असं 9 वेळा, शेवटी 5 मुके खांब. 110 टाके.
फेरी 5 आणि 6: साध्या.
फेरी 7: 10 मुके खांब, 1 वाढ, 10 वेळा. 120 टाके.
फेरी 8 आणि 9: साध्या.
फेरी 10: 5 मुके खांब, 1 वाढ; मग 11 मुके खांब, 1 वाढ असं 9 वेळा; शेवटी 6 मुके खांब. 130 टाके.
फेरी 11 आणि 12: साध्या.

काठ साधारण 6 सेमी रुंद होतो. लहान आणि मोठ्या मापाला वाढीच्या फेऱ्या याच, 1, 4, 7 आणि 10, पण प्रत्येकीत 12 वाढी: लहान मापात 84 वरून 96, 108, 120, 132 आणि मोठ्यात 96 वरून 108, 120, 132, 144.

पहिल्या फेरीत पुढचाच धागा का? माथ्याला मागचा धागा घेतला तेव्हा कापड आत वळलं. पुढचा घेतला की ते बाहेर फाकतं. दोन्हींची अदलाबदल झाली तर काठ गालांकडे वळतो. एका धाग्यातून विणलेली फेरी ताणते, म्हणूनच सुई इथेच बारीक केली आहे. काठ खूपच सपाट, तबकडीसारखा हवा असेल तर दोन साध्या फेऱ्यांऐवजी एकच घ्या. माहीम चौपाटीच्या वाऱ्यात तसा काठ वर उलटतो, म्हणून खाली झुकलेला जास्त उपयोगी.

तेराव्या फेरीत तंगूस. तो काठाच्या कडेवर ठेवायचा आणि प्रत्येक टाका त्याला पोटात घेऊन विणायचा. ही फेरी उलट्या दिशेने, डावीकडून उजवीकडे मुक्या खांबांची घेतली तर दोरखंडासारखी पिळाची कड येते, ती दाण्यांना शोभते. उलटं विणणं जड वाटलं तर नेहमीच्या दिशेने साधी फेरी चालेल. शेवटचे दहा टाके उरले की टोपी सपाट ठेवून तंगूस इतका ओढा की काठ ना लाटा मारेल ना आक्रसेल. टोकं एकमेकांवर 4 सेमी चढवून कापा. प्रत्येक टोकाला काडेपेटीची क्षणभर आच दाखवली की तिथे गोल मणी होतो; नाहीतर ते टोक दोऱ्यातून बाहेर येऊन कपाळाला टोचतं. हे दोऱ्यापासून लांब धरून करायचं.

आतली पट्टी आणि बंद

रिबीन डोक्याच्या मापाएवढी अधिक 2 सेमी कापा, टोकं शिवून गोल करा. टोपीच्या आत, त्या दोन साध्या फेऱ्यांच्या जागी चार ठिकाणी टाचण्या लावून घेर समान वाटून घ्या आणि वरच्या कडेने सुई-दोऱ्याने टाके घाला. खालची कड मोकळी सोडा. टोपी सैल होऊ नये म्हणून ही पट्टी हवीच. शिवाय केसांना खोबरेल तेल लावणाऱ्यांच्या घरात तेलाचा डाग टोपीऐवजी रिबिनीवर पडतो, आणि ती उसवून नवी लावता येते.

मरीन ड्राइव्ह किंवा वरळीच्या कडेने फिरणाऱ्यांनी हनुवटीखालचा बंदही करून घ्यावा. आतल्या साध्या फेरीत समोरासमोर, 45 टाक्यांच्या अंतरावर दोन छोटे फासे विणा, 6 साखळ्यांचे. 45 सेमी लांबीच्या दोन साखळ्या त्यात अडकवल्या की झालं. नको तेव्हा काढून ठेवता येतात.

आकार बसवणं, धुणं

आकार देण्यासाठी 18 सेमी व्यासाचं स्टीलचं पातेलं उपडं ठेवा. त्याचा घेर साडेछप्पन्न सेमीच्या आसपास येतो, म्हणजे मधल्या मापाला नेमका. टोपी गार पाण्यात भिजवून, पंच्यात गुंडाळून दाबा, पिळू नका. पातेल्यावर चढवून वळणाची रेघ बोटांनी सरळ करा, काठ खाली नीट फाकवा आणि पंख्याखाली वाळू द्या. दाणा पाण्यानंतरच उठतो. सुईवरून उतरलेली टोपी काहीशी चपटी दिसते, तेवढ्यावरून निराश होऊ नका. शुद्ध सुतावर वाफेची इस्त्री लांबून फिरवली तर चालते. दोऱ्यात ॲक्रिलिक असेल तर इस्त्री नकोच. उष्णतेने ते कायमचं लुळं पडतं आणि दाणा परत येत नाही.

धुताना सौम्य साबण, गार पाणी, वेगळी बादली. वाळत घालताना दोरीवर चिमटा लावून लटकवू नका, ओल्या वजनाने उभी बाजू ताणून लांब होते. पावसाळ्यात धुतल्यावर आधी दोन कोरडे पंचे वापरून पाणी काढा, मग पातेल्यावर ठेवा, आणि आतली रिबीन पूर्ण वाळल्याशिवाय कपाटात ठेवू नका. बुरशीचे काळे ठिपके सगळ्यात आधी रिबिनीच्या शिवणीत येतात.